शब्दाला प्रतिशब्द शोधणारा मेजर

यवतमाळ, दारव्हा, वणी, पांढरकवडा, पुसद यांपैकी कोणत्याही गावच्या मराठी शाळेत इंग्रजीच्या तासाला एक वही हमखास बाहेर निघते. पानावर पट्टीने उभ्या रेषा मारलेल्या असतात. पहिल्या रकान्यात स्पेलिंग, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात मराठी अर्थ आणि जागा उरलीच तर चौथ्यात वाक्यात उपयोग. पूर्वी ही वही पाचवीत हाती येई. राज्य सरकारने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यावर ती आणखी लहान हातांत गेली. स्पेलिंग पुस्तकातून उतरवले जाते, उच्चार गुरुजी सांगतात. तिसऱ्या रकान्यातला अर्थ मात्र आला कोठून, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. अमुक इंग्रजी शब्दाला तमुक मराठी शब्द, ही जोडी जणू निसर्गतःच ठरलेली असावी असे आपण गृहीत धरतो.

वास्तविक या जोड्या कोणीतरी बसून, विचार करून, वाद घालून जुळवलेल्या आहेत. त्या कामात ज्याचे जवळजवळ सारे आयुष्य खर्ची पडले तो माणूस मराठी नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरीसाठी आलेला तो एक इंग्रज तरुण होता. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो मेजर कँडी या नावाने ओळखला जातो.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉइल या गावी झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. ऑक्सफर्डमध्ये काही काळ शिक्षण घेऊन टॉमस १८२२ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. पेशवाई बुडून अवघी चार वर्षे झाली होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. नव्या मुलखाचा कारभार हाकायचा तर रयतेची भाषा समजणारे अधिकारी हवेत, हे त्यांनी ओळखले होते. ज्या अधिकाऱ्याला देशी भाषांची परीक्षा उत्तीर्ण होता येई, त्याला पलटणीत दुभाष्याचे काम मिळे. कँडी यांना हिंदुस्थानी आणि मराठी या भाषांनी त्याच वाटेने ओढून घेतले. कवायत आणि रसदीपेक्षा त्यांचे मन शब्दांत अधिक रमले.

त्या काळी इंग्रजाला मराठी आणि मराठी माणसाला इंग्रजी शिकण्यासाठी साधने किती होती? जवळजवळ नव्हतीच. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८१० मध्ये मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश छापला होता. व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ मध्ये मुंबईत निघाला. त्यात मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी असे दोन्ही भाग होते. परंतु दोन्ही प्रयत्न तोकडे होते. शेतसाऱ्याचा कागद, वतनाचा तंटा किंवा बाजारातली बोलाचाली समजून घ्यायला त्यांचा पुरेसा उपयोग नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचे ठरवले ते जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनी. १७९५ साली जन्मलेले मोल्सवर्थ हेही लष्करी अधिकारी होते. १८२०च्या दशकाच्या मध्यास सरकारने त्यांची योजना मंजूर केली आणि त्यांच्या मदतीला दोन्ही कँडी बंधू दाखल झाले. मुंबईत कामाचा मोठा पसारा मांडला गेला. मराठी शास्त्री-पंडितांची मंडळी शब्द जमवीत, त्यांचे अर्थ सांगत, कोणता शब्द देशावरचा, कोणता कोकणातला, कोणता कुणबाऊ, कोणता पोथीतला हे निवडून देत. याच वातावरणात जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले या पंडितांनी सिद्ध केलेला मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये शिळाप्रेसवर छापला गेला. दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला.  पुढे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या ६० हजारांच्या घरात गेली. मराठी माणसांनी मोल्सवर्थ यांना मोलेसरशास्त्री अशी पदवीच देऊन टाकली. कँडींना मात्र शेवटपर्यंत कोणी शास्त्री म्हटले नाही. ते मेजरच राहिले.

मराठी-इंग्रजी कोश झाला, पण तो अर्धाच भाग होता. मराठी शब्द समोर आहे, त्याचा अर्थ इंग्रजीत उलगडून सांगायचा, हे काम कष्टाचे खरे, तरी त्यात एक सोय असते. नेमका प्रतिशब्द सापडला नाही तर दोन ओळींचे स्पष्टीकरण देऊन निभावता येते. उलट दिशेचा प्रवास फार अवघड. इंग्रजी शब्दाला मराठीत वापरता येईल असा शब्दच द्यावा लागतो. स्पष्टीकरण देऊन भागत नाही, कारण वाचणाऱ्याला त्या शब्दाने पुढे वाक्य रचायचे असते. इंग्रजीतील एका कझिनसाठी मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि तितक्याच बहिणी उभ्या राहतात. राइस म्हटले की मराठी माणूस विचारणार, शेतातले भात, पोत्यातले तांदूळ की ताटातला भात? यू या एका अक्षरभर शब्दासाठी तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करायची आणि निवड चुकली तर समोरचा दुखावला जायचा. याउलट कायदा, विज्ञान, राज्यव्यवस्था यांतील कितीतरी इंग्रजी शब्दांना मराठीत जागाच नव्हती, कारण ती वस्तू किंवा ती कल्पनाच येथे नवी होती. अशा ठिकाणी फारसीतून रुळलेला शब्द घ्यायचा, संस्कृतातून नवा घडवायचा की इंग्रजीच ठेवून द्यायचा, हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने करावा लागे.

या इंग्रजी-मराठी कोशाची आखणी मोल्सवर्थ यांनी केली आणि प्रारंभही त्यांनीच केला. पण त्यांची प्रकृती ढासळली आणि १८३६ मध्ये ते मायदेशी परतले. हाती आलेले अर्धवट काम टॉमस कँडी यांनी पुढे रेटले. जुळा भाऊ जॉर्ज तोवर लष्कर सोडून धर्मोपदेशकाच्या मार्गाला लागला होता. मोल्सवर्थ गेल्यापासून कोश छापून होईपर्यंत अकरा वर्षे गेली. १८४७ मध्ये मुंबई सरकारसाठी तो प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर योजना आणि आरंभ मोल्सवर्थ यांचा, तर पुढील काम आणि पूर्तता कँडी यांची असे नोंदवले आहे. आयुष्यातील सर्वांत मोठ्या ग्रंथावर स्वतःचे नाव दुसऱ्या क्रमांकावर ठेवून कँडींनी थोरल्या सहकाऱ्याचे ऋण मान्य केले. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरही कँडी बंधूंची नावे सहायक म्हणून आहेत. मराठी वाचकाच्या स्मरणात मोल्सवर्थ ठळक आणि कँडी पुसट राहिले, त्याचे थोडे कारण यातही असावे.

कोशाचे काम चालू असतानाच १८३७ मध्ये कँडी यांच्यावर पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख सोपवण्यात आली. पेशव्यांच्या दक्षिणा-निधीतून १८२१ मध्ये चॅपलिन यांनी विश्रामबागवाड्यात सुरू केलेली ही शाळा हिंदू कॉलेज म्हणूनही ओळखली जाई. न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष शिकवणारे शास्त्री आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक इंग्रज लष्करी अधिकारी, हे दृश्य आज कल्पनेतही चमत्कारिक वाटते. कँडींनी तेथे हळूहळू मराठी आणि इंग्रजीला वाट करून दिली. पुढे १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. आजच्या डेक्कन कॉलेजची परंपरा तेथूनच येते.

शिक्षणाची भाषा कोणती असावी, या वादात कँडी यांची भूमिका स्पष्ट होती. १८४०च्या सुमारास त्यांनी सरकारला मांडून दाखवलेला विचार थोडक्यात असा की, नव्या कल्पना इंग्रजीतून घ्याव्यात, त्यांना लागणारे शब्द संस्कृतातून घडवावेत आणि सर्वसामान्य लोकांपर्यंत ते ज्ञान त्यांच्या मातृभाषेतून पोहोचवावे. ज्याला इंग्रजी, संस्कृत आणि मातृभाषा या तिन्ही उत्तम येतील, तो आपल्या देशबांधवांचे मोठे कल्याण करू शकेल, असा त्यांचा विश्वास होता. काही वर्षांनी बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये हाच प्रश्न पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाच्या बाजूने, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. इंग्रजी शिकवावी की नाही असा तो वाद नव्हता; विषय इंग्रजीतून शिकवावेत की मराठीतून, एवढाच प्रश्न होता. पावणेदोनशे वर्षांनंतरही गावोगावच्या पालकसभांतून हा वाद जसाच्या तसा ऐकू येतो, हे नमूद करण्याजोगे आहे.

कँडींच्या चरित्रातील एक प्रसंग मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा सनातन्यांनी त्यांना जगणे नकोसे केले होते. अशा काळात १८५२च्या नोव्हेंबरमध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला, तो मेजर कँडी यांच्या हस्ते. ज्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे शास्त्रीपण नांदत होते, तेथेच एका माळ्याच्या मुलाच्या अंगावर शाल घालण्यात आली. पुण्याच्या पेठांतून त्या दिवशी काय कुजबुज झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सामान्य मराठी माणसाचा कँडींशी रोजचा संबंध येतो तो मात्र कोशापेक्षाही विरामचिन्हांमुळे. मोडीत शब्द न तोडता बोरू सलग चालवला जाई. देवनागरी पोथीत दंड असत, पण वाक्यात कोठे थांबावे, कोठे प्रश्न आहे, कोठे उद्गार आहे, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. छापील पुस्तके शाळेत येऊ लागली तशी ही अडचण जाणवू लागली. कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक लिहून इंग्रजीतील ही चिन्हे मराठीत कशी वापरावीत, याचे नियम घालून दिले. स्वतःच्या देखरेखीखाली निघणाऱ्या पाठ्यपुस्तकांतून त्यांनी ती रुजवली. इतिहासाचार्यांपासून हॉटेलच्या फलकापर्यंत आज कोणालाही स्वल्पविराम परका वाटत नाही, इतकी ती आपली झाली. इंग्रजी शिकवण्याच्या निमित्ताने आलेल्या माणसाने मराठीच्या लिहिण्यातच कायमचा बदल घडवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

शब्द कळला तरी भाषा येत नाही, हेही त्यांच्या अनुभवास आले असले पाहिजे. १८५८ मध्ये त्यांचे ‘भाषणसांप्रदायिक वाक्ये’ हे पुस्तक निघाले. नावच बोलके आहे. सांप्रदायिक म्हणजे येथे धर्मसंप्रदायाचे नव्हे, तर रूढ असलेले, बोलण्यात ज्यांचा संप्रदाय पडला आहे असे. सुटा शब्द पाठ करून माणूस बाजारात उभा राहिला तर त्याची फजिती होते; तो शब्द कोणत्या वाक्यात, कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतो हे कळले तरच उपयोग. शाळकरी वहीतला चौथा रकाना याच जाणिवेतून आला आहे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना वाक्यांवाटे इंग्रजी शिकवले, ती वाटही याच दिशेची.

‘नीतिज्ञानाची परिभाषा’, इतिहास-भूगोलाची पुस्तके, शालेय वाचनमाला अशी कँडींची ग्रंथसंपदा मोठी आहे. पण ती एकट्याची नव्हे. सरकारच्या मराठी भाषांतरकाराचे पद त्यांच्याकडे आले आणि अखेरच्या काळापर्यंत त्यांनी ते सांभाळले. कायद्यांची भाषांतरे, शाळांची पुस्तके यांची तपासणी त्यांच्या मेजावर होई. १८६० च्या इंडियन पीनल कोडचा मराठी अवतारही त्यांच्याच हाताखालून गेला. या कचेरीत त्यांच्या सोबत परशुरामपंत गोडबोले होते. पंडितांच्या १८२९च्या कोशातले हेच परशुरामपंत १८५४ साली प्राचीन मराठी कवितांचे ‘नवनीत’ संकलित करून घरोघरी पोहोचले. मराठी बारकावे, वाक्प्रचार, कुठला शब्द ग्राम्य आणि कुठला शिष्ट याचे ज्ञान अशा मंडळींकडून येई. निवाडा मेजरसाहेब करीत.

हा निवाडाच पुढे टीकेचा विषय झाला. मराठीत जन्मलेल्या लेखकाचे हस्तलिखित एका इंग्रजाने तपासावे, शब्द खोडावेत, वाक्ये फिरवावीत आणि मगच ते छापावे, ही गोष्ट अभिमानी मराठी मनाला खुपणारी होती. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, ती मराठीच्या तत्कालीन अवस्थेवरील निबंधाने. इंग्रजी वळणाच्या, भाषांतराचा वास येणाऱ्या मराठीवर त्यांनी कडाडून हल्ला चढवला. सरकारी छापाची मराठी नियमबद्ध, स्वच्छ, पण रसहीन असल्याचा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनीही घेतला आहे. तो निराधार नाही. कँडींच्या काळातली पाठ्यपुस्तके चाळली तर वाक्ये आखूड, तर्कशुद्ध आणि जरा कोरडी वाटतात. मात्र लाखो मुलांनी एकाच प्रकारे वाचावे-लिहावे असा प्रयत्न करणाऱ्याला रसाळपणाची चैन परवडत नाही, हेही ध्यानी घ्यावे लागेल.

या एकसारखेपणाची किंमत वऱ्हाडाने वेगळ्या रीतीने मोजली. निजामाच्या अमलाखालील वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. येथे सरकारी शाळा उघडू लागल्या तेव्हा छापील मराठीचे वळण मुंबई-पुण्यात ठरून गेले होते. घरी मले, तुले म्हणणारे, डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणणारे, जाऊन रायलो, करून रायलो असे क्रियापद चालवणारे मूल शाळेत आले की आधी पुस्तकातली मराठी शिके आणि तीमधून मग इंग्रजी. वहीच्या तिसऱ्या रकान्यातला अर्थ त्याच्या आईच्या बोलीतला नसेच. गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या घरातील मुलापुढे तर तो अर्थही दुसऱ्या परक्या भाषेतला असे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ मध्ये आला, त्यात वऱ्हाडीचे नमुने नोंदले गेले. पण पाठ्यपुस्तकात त्या बोलीला जागा मिळाली नाही. याचा सारा दोष कँडींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कोश करताना त्यांच्याभोवती जमलेले पंडित देश-कोकणाचे होते आणि वऱ्हाड तेव्हा कंपनीच्या थेट अमलाबाहेर होता.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची खरी दैना होत होती ती उच्चारात. देवनागरीत जसे लिहावे तसे वाचावे. इंग्रजीत चाकूच्या स्पेलिंगचे पहिले अक्षर मुके, कर्जाच्या स्पेलिंगमधले एक अक्षर गिळलेले आणि कर्नल या हुद्द्याच्या स्पेलिंगमध्ये र औषधालाही नाही. कँडींच्या पिढीपुढे मुख्य प्रश्न अर्थाचा होता. उच्चार शिक्षकाच्या तोंडून यायचा, आणि शिक्षकाचा चुकीचा असेल तर सगळा वर्ग तोच घोकायचा. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचे सुटसुटीत संक्षिप्त रूप काढले आणि इंग्रजी-मराठी कोशाचेही काम केले. महागडे जाडजूड ग्रंथ ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्या विद्यार्थ्यांची त्यामुळे सोय झाली.

मोल्सवर्थ १८५१ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून पुन्हा आले, महाबळेश्वर-पुण्यात राहून त्यांनी दुसरी आवृत्ती पुरी केली आणि १८६० मध्ये कायमचे परत गेले. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. कँडी येथेच राहिले. १८७३ मध्ये इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. पुढल्याच वर्षी परशुरामपंत गोडबोले गेले. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे कँडी यांनी देह ठेवला. अठराव्या वर्षी आलेल्या या माणसाने पंचावन्न वर्षे मराठी मुलखाच्या सहवासात काढली होती.

त्यांच्या कोशाला तोडीस तोड ठरेल असा मोठा इंग्रजी-मराठी कोश मराठी माणसाकडून यायला आणखी बराच काळ जावा लागला. नीळकंठ बाबाजी रानडे यांनी विसाव्या शतकाचे नाव धारण करणारा आपला कोश १९०३ पासून प्रसिद्ध करायला घेतला आणि १९१६ मध्ये तो पूर्ण झाला. उच्चार हे त्याचे एक प्रमुख अंग असल्याचे त्याच्या शीर्षकातच जाहीर केलेले होते.